लपविलेल्या राजांचें नगर

ईजिप्त देशांत, कैरोच्या दक्षिणेस सुमारें ४०० मैलांवर, नाईल नदीच्या कांठीं लुक्सॉर नांवाचें शहर आहे. प्राचीन काळची थीब्ज नगरी ती हीच. ग्रीक महाकवि होमर यानें तिला शंभर दरवाजांची नगरी म्हटलें आहे. ते दरवाजे शोधूं जाणाऱ्या प्रवाशाची मात्र निराशा होते. कारण तेथें राहण्याचीं घरें, फार काय राजवाडेसुद्धां, कच्च्या विटांचे असत. दगड वापरावयाचा तो देवांसाठीं आणि मृतांसाठीं. उगवत्या सूर्याचा पूर्वतीर देवांचा व जिवंत माणसांचा, मावळत्या सूर्याचा पश्चिमतीर मृतांचा, अशी या नगराची ढोबळ वांटणी होती.

पूर्वतीरावरील कर्नाक येथें आमोन देवाचें मंदिर आहे. तें कोणा एका राजाची कृति नव्हे. प्रत्येकानें आपली भर घालावी, प्रसंगीं मागच्याचें नांव खोडून तेथें आपलें कोरावें, असा क्रम जवळजवळ दोन हजार वर्षें चालला होता. पहिला सेती व त्याचा पुत्र दुसरा रामेसेस यांच्या कारकीर्दींत पूर्ण झालेल्या सभामंडपांत १३४ स्तंभ आहेत. मधले बारा तर सुमारें ७० फूट उंच आहेत. तेथून थोडें पुढें हाट्शेप्सुट राणीनें उभारलेला, एकाच पाषाणाचा, ९७ फुटांचा सूचिस्तंभ आजहि उभा आहे. सारें कांहीं पाहणाऱ्याचे डोळे दिपवावेत म्हणून !

नदी ओलांडली कीं हेतु नेमका उलटा होतो. पूर्वीच्या राजांचे पिरॅमिड दुरून दिसत, आणि दिसत म्हणूनच ते लुटले गेले होते. तेव्हां इसवी सनापूर्वीच्या सोळाव्या शतकापासून पुढें सुमारें पांचशें वर्षें, एका उजाड दरींतील खडक आंतून कोरून राजांना तेथें पुरण्याची प्रथा पडली. भिंतींवर उत्तमोत्तम चित्रें काढावयाचीं आणि मग दार कायमचें चिणून टाकावयाचें ! अशा साठांहून अधिक गुहा आतांपर्यंत सांपडल्या आहेत. पण ज्या गुप्ततेसाठीं हा खटाटोप, ती कोणापासून राखावयाची ? खोदणारे कारागीर पलीकडच्याच खोऱ्यांत आपल्या बायकामुलांसह राहत होते. त्यांचें वेतन धान्याच्या रूपानें मिळे. इसवी सनापूर्वी ११५७ च्या सुमारास, तिसऱ्या रामेसेसच्या कारकीर्दींत, तें धान्य थकलें. तेव्हां या लोकांनीं हत्यारें खालीं ठेवलीं व ते मृत राजांच्या मंदिरांपाशीं जाऊन बसले. लेखी नोंद असलेला जगांतील हा पहिला संप मानतात.

पुढें पन्नास वर्षांच्या आंतच थडग्यांवरील चोऱ्यांची रीतसर चौकशी झाली. तिचे पपायरसवरील कागद उपलब्ध आहेत. आमेनपनुफेर नांवाच्या, आमोनच्याच मंदिराच्या चाकरींतील एका पाथरवटानें असा कबुलीजबाब दिला कीं, त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं एका जुन्या राजाचें थडगें फोडून राजाराणीच्या अंगावरचें सोनें काढलें, शवपेट्यांना आग लावली आणि लूट आठ जणांनीं सारखी वांटून घेतली. मध्यंतरीं तो एकदां पकडला गेला होता. तेव्हां त्यानें आपल्या वांट्याचें सोनें एका कारकुनाच्या हातावर ठेवून सुटका करून घेतली, आणि सोबत्यांनींहि मोठ्या प्रामाणिकपणें त्याची तूट भरून दिली !

शेवटीं पुरोहितांनीं उरलेल्या राजांचे देह गोळा करून देर-अल्-बहरी नजीकच्या एका खोल विवरांत लपविले. तेथें ते सुमारें अठ्ठावीसशें वर्षें राहिले. गुर्ना गांवच्या एका कुटुंबाला तें विवर सांपडलें. तेथील वस्तु तें दहा वर्षें गुपचूप विकीत होतें. १८८१ सालीं सरकारला पत्ता लागला. चाळिसांवर ममी बोटींतून कैरोकडे निघाल्या, तेव्हां कांठावरच्या गांवांतील बाया केस मोकळे सोडून आक्रोश करीत बोटीबरोबर चालल्या होत्या. कैरोच्या नाक्यावरील जकातदाराला मात्र या मालासाठीं दर सांपडेना, म्हणून त्यानें सुक्या मासळीची जकात लावली, असें सांगतात.

दरींत आपल्या बहुतेक संपत्तीसह टिकून राहिला तो एकटा तुतनखामेन, तोहि योगायोगानें. मागाहून खोदलेल्या एका थडग्याचा राडारोडा त्याच्या दारावर पडला, त्यावर मजुरांच्या झोंपड्या उठल्या आणि दार विस्मृतींत गेलें. हॉवर्ड कार्टर याच्या माणसांना ४ नोव्हेंबर १९२२ रोजीं तेथील पहिली पायरी लागली. सोनें कैरोस गेलें. राजा तेथेंच आहे. २००७ पासून त्याला कांचेच्या पेटींत ठेवलें आहे. त्याची खोली लहान आहे, आणि आंत येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या श्वासाबरोबर व घामाबरोबर तिच्यांत दमटपणा वाढतो. भिंतींवरील रंगांना तो मानवत नाहीं. म्हणून २०१४ सालीं, दरीच्या वाटेवर, कार्टरच्या जुन्या घराशेजारीं त्या खोलीची हुबेहूब प्रतिकृति बांधण्यांत आली. भिंतींवरचे डागसुद्धां तिच्यांत उतरविले आहेत. बहुतेक प्रवासी तरीहि पुढें दरींत जातात, खऱ्या खोलींत उतरतात, आणि दोन घटका राजाकडे पाहून वर येतात.