कुरणाची शाळा



पुष्कळ वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत एका धनगराचा मुलगा होता. दसरा झाला कीं त्याचा वाडा मेंढरें घेऊन कोकणच्या वाटेस लागे, तो पावसाच्या तोंडावर परत येई. गैरहजेरीबद्दल मीं त्याला कितीदां तरी बाकावर उभें केलें. एकदां भाद्रपदांत वर्गाची सहल माळावर गेली असतां त्यानें पायांखालचीं सात गवतें नांवानिशीं दाखविलीं. कोणतें गवत मेंढरांना केव्हां मानवतें, हेंहि सांगितलें. आदल्याच परीक्षेंत मीं त्याला विज्ञानांत नापास केलें होतें! पुढें त्यानें शाळा सोडली. नापास खरोखर कोण झालें, हा प्रश्न मला अजून सोडीत नाहीं.

आपणां शहरवासीयांस माळ म्हणजे ओसाड जागा वाटते. सरकारी दप्तरांतहि पुष्कळ गवताळ माळांची नोंद ‘पडीक’ अशीच होत आली. पण १९७३ सालीं दबडघाव व शंकरनारायण या शास्त्रज्ञांनीं भारतांतील गवतांचे पांच मुख्य प्रकार वर्णिले, त्यांत दख्खनच्या पठाराचा प्रकार पवन्या व मारवेल यांच्या कुळांवरूनच ओळखला जातो. हीं गवतें बहुवर्षायु व सकस. बी पडण्याआधींच तीं वारंवार खाल्लीं गेलीं, म्हणजे मुळांतील सांठा संपतो व त्यांची जागा कुसळी घेते. तिचीं कुसळें मेंढरांच्या लोंकरींत व कातड्यांत रुततात. पुढें तीहि जाते, आणि उघडी पडलेली माती पावसाबरोबर वाहून जाते.

उपाय अवघड नाहीं. कुरणाचे भाग पाडावे. पावसाळ्यांत आळीपाळीनें एकेक भाग बी पडेपर्यंत राखावा. निम्में गवत चारावें, निम्में ठेवावें. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारच्या ग्रामस्थांनीं मोकळी चराई बंद केली, पण विळ्यानें गवत कापून नेण्यास मुभा ठेविली. मात्र जो मेंढपाळ वर्षाचे आठ महिने वाटेवर असतो, त्याला विचारल्यावांचून केलेली बंदी म्हणजे त्याच्या चुलीवरच घाला होय.

यासाठीं शिक्षण हवें, पण तें एकमार्गी नको. कुरणें व चारा यांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था १९६२ पासून झांशी येथें आहे. तेथील ज्ञान वाड्यापर्यंत पोहोंचावें, आणि वाड्यावरचें ज्ञान तज्ज्ञांपर्यंत. वर्ग माळावरच भरवावा, आणि तोहि वाडा गांवीं असतो त्या पावसाळ्यांत. अशक्त कोंकरांची निगा राखणाऱ्या बायांनाहि त्यांत स्थान असावें. विद्यार्थ्यांच्या ओळींत तलाठी व वनरक्षक बसावे, आणि रविवारीं हौसेनें माळावर झाडें लावावयास जाणारे आपणहि. कारण चांगल्या गवताच्या माळावर खड्डे खणणें हा उपकार नव्हे.

मेंढपाळाच्या मुलानें अक्षर शिकावें, यांत दुमत नाहीं. परंतु अक्षर शिकतांना तो गवत विसरला, तर उद्यां माळ ओळखणारा कोण उरेल? संयुक्त राष्ट्रांनीं २०२६ हें वर्ष माळरानें व पशुपालक यांच्या नांवें ठरविलें आहे. वर्षें येतात व जातात. हजेरीपटांतील तें एक नांव मात्र मला पुन्हां घालतां येत नाहीं. आपल्या शाळांतून तसें दुसरें नांव गळूं नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतों.