डिस्क लेकीच्या घरीही लागावी म्हणून

आमच्या गटाने गावातल्या एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या डीव्हीडी रेकॉर्डरवर उतरवून घेतल्या. आजी गेल्यावर ती डिस्क त्यांच्या लेकीकडे पाठवली, तर तिथला प्लेअर ती घेईचना. आमच्याकडे मात्र छान चाले!

चूक आमचीच. डिस्क पुन्हापुन्हा लिहिता येणारी, ‘आरडब्ल्यू’. रेकॉर्डिंग ‘व्हीआर’ पद्धतीचे. ही पद्धत नको तो भाग कापायला सोयीची, पण पुष्कळ साधे प्लेअर ती ओळखत नाहीत.

मग आमच्या रेकॉर्डरला तारेने दुसरा रेकॉर्डर जोडून ओव्या नव्या डिस्कवर घेतल्या.

तुम्ही एवढे करा. दुसऱ्याला द्यायची असेल, तर ‘डीव्हीडी-आर’ डिस्क घ्या. जुन्या प्लेअरवरही ती बहुधा चालते. नेहमीच्या ४.७ जीबीच्या डिस्कवर चांगल्या प्रतीचे साधारण २ तास मावतात. सुरुवातीलाच ‘व्हिडिओ’ पद्धत निवडा. सगळे तपासून शेवटी ‘फायनलाइज’ करा, त्यानंतर भर घालता येत नाही. देण्याआधी शेजारणीच्या प्लेअरवर लावून पाहा. आणि मूळ डिस्क पुसू नका.

लेकीने आता आईचा आवाज ऐकला.