कॉफीची गिरणी आणि नावाची चिठ्ठी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणीतरी शिकलेली बाई बोलते. यंदा कार्यवाहताईंनी मला उभे केले. माझे शिक्षण सातवी. मी म्हटले, "मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "तुमच्या कॉफीच्या गिरणीची हकीकत सांगा. बायका हसतील तरी!" तेव्हा ती सांगते. शेवटी मात्र एक गोष्ट हसण्यासारखी नाही, तीही ऐकून घ्यावी.

आमचे घर माटुंग्याचे. येथे दाक्षिणात्य मंडळींची वस्ती जुनी, त्यामुळे कॉफी भाजून, डोळ्यांदेखत दळून देणारी दुकाने आमच्या पायाखालची. लग्न होऊन आले तेव्हा मी चहावाली. फिल्टरची कॉफी मला शेजारच्या मामींनी शिकवली. त्यांच्याकडे त्यांच्या सासूबाईंच्या वेळची ओतीव लोखंडाची गिरणी आहे. ती टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळून बसवायची, वर बिया घालायच्या आणि दांडा फिरवायचा. मामी म्हणतात, कॉफी दळली की तिचा वास उडायला लागतो, म्हणून लागेल तेवढीच दळावी. हे मसाल्यावरून आपल्यालाही ठाऊक आहेच.

मामींचे ऐकून मलाही गिरणी हवीशी वाटली. २०२४ च्या दिवाळीत थोरल्याने फोनवरून मागवून दिली. चकचकीत नळकांडे, वर दांडा, अंगावर छानसे विलायती नाव कोरलेले. किंमत सोळाशे पन्नास रुपये. मी चार घरी दाखवून आले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अहो, माझ्या सुनेनेही आणली, पण आमची उंची कंपनीची आहे. एकोणतीसशेची." नाव निराळे, पेटीही निराळी, आत मखमलीची पिशवी.

एक दिवस माझ्या गिरणीच्या दांड्याचे भोक झिजले. षटकोनी भोक गोल झाले आणि दांडा नुसताच फिरू लागला. काकू म्हणाल्या, "आमचा लावून बघा." लावला, तर अगदी घट्ट बसला. मग आम्ही दोघींनी ओट्यावर वर्तमानपत्र पसरले आणि दोन्ही गिरण्या सुट्या केल्या. झाकण त्याचे याला, आतले दाते याचे त्याला, स्प्रिंगसुद्धा! सगळे एकमेकींत बसले. निराळे होते ते कोरलेले नाव, पेटी, मखमलीची पिशवी आणि साडेबाराशे रुपये. काकूंचा चेहरा पाहवेना. मी म्हटले, "काकू, जुळ्या बहिणी आहेत, सासरची नावे तेवढी वेगळी." तेव्हा कुठे हसल्या.

नंतर माझ्या भाच्याने हा व्यवहार समजावून सांगितला. तो यंत्रांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात काम करतो. तो म्हणाला, "मावशी, मालावर नाव लागते ते तीन तऱ्हांनी. एक, ज्याचे नाव त्याचाच कारखाना. दुसरी, नाववाल्याने स्वतः नकाशा काढायचा, पोलाद कोणते ते ठरवायचे, दुसऱ्याच्या कारखान्यात करवून घ्यायचे आणि नग तपासून घ्यायचे. तिसरी, कारखान्याचा तयार माल यादीतून निवडायचा, आपले नाव कोरायला सांगायचे आणि पेटी छापायची. तुमच्या दोघींच्या गिरण्या या तिसऱ्या तऱ्हेच्या दिसतात."

मी विचारले, "मग हे खोटेच झाले की!" तो म्हणाला, "सरसकट नाही. दुकानदार तुटलेला भाग देत असेल, तक्रार ऐकत असेल, तर त्या नावाला किंमत आहे. वरून सारखे दिसणारे नगही आतून वेगळे असू शकतात, म्हणून उघडून पाहावे. आणि माल चीनचा म्हणून वाईट, असेही नाही. चीनची टाइममोर, तैवानची वन-झेडप्रेसो, जर्मनीची कोमांदांते यांच्या हातगिरण्यांना जगभर मान आहे. फ्रान्सची प्यूजो कंपनी तर मोटारी काढायच्या आधीपासून, १८४० पासून, कॉफीच्या गिरण्या करीत आली. प्रश्न देशाचा नाही. करणारा कोण आणि जबाबदार कोण, हे कळते की नाही, एवढाच."

आता गिरणी पारखावी कशी, ते सांगते. आपल्यापैकी पुष्कळजणींनी आजीचे जाते पाहिले असेल. दोन दगडांमध्ये फट सारखी असली तर पीठ सारखे. मधला खुंट सैल झाला की वरचा दगड डोलतो आणि पिठात भरड येते. कॉफीच्या गिरणीत तेच आहे, दगडांच्या जागी दात्यांचे कडे आणि त्यात फिरणारा दात्यांचा शंकू.

पहिली परीक्षा हाताची. आतला शंकू बोटांनी धरून बाजूला हलवून पाहावा. तो खेळत असला तर पूड सारखी पडणार नाही. मधल्या आसाला वर-खाली दोन्हीकडे बेअरिंगचा आधार असला तर उत्तम. माझ्या गिरणीत नुसती प्लास्टिकची चकती होती.

दुसरी परीक्षा चाळणीची. वीस ग्रॅम बिया दळाव्या. पूड आधी रव्याच्या चाळणीने चाळावी, मग मैद्याच्या. रव्याच्या चाळणीवर राहते ती भरड, मैद्याच्या चाळणीतून खाली पडते ती धूळ, आणि मधली ती कामाची. धूळ फार झाली तर फिल्टरची भोके बुजतात, डिकॉक्शन थेंबथेंब पडते आणि कडू होते. भरड फार झाली तर पाणी सरळ वाहून जाते आणि कॉफी पांचट लागते. काकूंच्या आणि माझ्या गिरणीतली निम्मीच पूड मधली निघाली. भाच्याने पोलादी दात्यांची मित्राची गिरणी आणून दिली होती, तिची बहुतेक सगळी मधली. आणि मामींच्या सासूबाईंची लोखंडी गिरणी आम्हा दोघींच्या वरचढ ठरली, हे मुद्दाम सांगते!

तिसरी परीक्षा दात्यांची. सिरॅमिकचे दाते गंजत नाहीत, पण बियांत खडा आला तर त्यांचा टवका उडतो. पोलादी दाते लवकर दळतात, पण त्यांना पाणी लावू नये, ब्रशने झाडावे. कोणत्याच गिरणीत जिरे-मिरे दळू नये, वास जात नाही. पूड भांड्याला चिकटून उडत असेल तर बियांना पाण्याचा एक थेंब चोळावा. ही मामींची युक्ती नव्हे, माझ्या थोरल्याची, पण लागू पडते.

चौथी परीक्षा चिठ्ठीची. वेष्टनात बांधलेल्या मालाचे २०११ चे नियम आहेत. त्यांप्रमाणे पेटीवर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता हवा, बांधणारा निराळा असेल तर त्याचाही. बाहेरून आलेला माल असेल तर आणणाऱ्याचे नाव आणि कोणत्या देशात झाला ते हवे. शिवाय किंमत, महिना, साल आणि तक्रारीचा पत्ता हवा. ठळक अक्षरांतले नाव विकणाऱ्याचे असते, करणाऱ्याचे बारीक अक्षरांत. चष्मा लावून ते बारीक वाचावे. दाद लागली नाही तर १९१५ या क्रमांकावर सरकारी ग्राहक मदत मिळते. मी फोन केला होता. त्यानंतर पंधरा दिवसांत दांडा बदलून आला.

इथपर्यंत हसून झाले. आता ते दुसरे.

दांडा बदलून आला त्या दिवशी मी काकूंना तावातावाने म्हणत होते, "दुसऱ्याने केलेल्या वस्तूला आपले नाव लावून विकायचे म्हणजे काय!" काकू मला काही बोलल्या नाहीत. पण माझे मलाच आठवले. २०२३ च्या दिवाळीत मंडळाकडे पापडाच्या मागण्या फार आल्या, आणि आपले हात पुरेनात. तेव्हा आपण बाहेरून वीस किलो पापड आणले. त्यांच्या पुड्या बांधल्या आणि "मंडळाच्या भगिनींनी घरी केलेले" ही चिठ्ठी लावली. चिठ्ठ्या मी लावल्या, या हातांनी. पुढे खालच्या आजी मला जिन्यात भेटून म्हणाल्या, "बाई, तुझ्या हाताला काय चव आहे!" मी हसले आणि वर निघून आले. ते हसणे मला अजून टोचते. पापड वाईट नव्हते. पण आजींनी चार पैसे जास्त दिले ते आपल्या हातांसाठी, आणि ते हात त्या पापडांना लागलेच नव्हते.

यंदा चकलीची भाजणीसुद्धा बाहेरून घ्यावी, असा विचार समितीत निघाला आहे. कारणे खरी आहेत. पुष्कळजणींचे गुडघे दुखतात, सुना नोकरीला जातात आणि मंडळाला शिलाईयंत्रासाठी पैसे हवेत. बाहेरून घेऊच नये, असे मी म्हणत नाही. लिज्जतचे उदाहरण आपल्या मुंबईतलेच आहे. १९५९ साली १५ मार्चला गिरगावात सात बायकांनी उसन्या ऐंशी रुपयांवर काम सुरू केले. आजही तेथे पीठ संस्थेत मळले जाते, भगिनी ते घरी नेऊन लाटतात आणि पापड तपासून घेतले जातात. नाव एक, हात हजारो, पण लपवालपवी काही नाही.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. जे आपण करू, त्यावर "भगिनींनी केलेले" लिहावे. जे बाहेरून घेऊ, त्यावर करणाऱ्याचे नाव-पत्ता घालून "विक्री मंडळातर्फे" असे लिहावे, आणि घेण्याआधी आपल्यापैकी दोघींनी तळून, चाखून पाहावे. खाण्याच्या पुडीवर तर ते लिहिणे कायद्यानेही लागते. विक्री थोडी कमी होईल. होऊ द्या. जिन्यात आजी भेटल्या तर मान खाली घालावी लागणार नाही.

२०२३ च्या त्या पुड्यांबद्दल मी आज सर्वांसमोर आजींची क्षमा मागते. त्या पहिल्याच रांगेत बसल्या आहेत.

सभा संपल्यावर फराळाबरोबर कॉफी आहे. बिया माटुंग्याच्या दुकानातल्या, दळण मामींच्या सासूबाईंच्या गिरणीचे आणि दांडा आम्ही चौघींनी पाळीपाळीने फिरवला. कोणी विचारले तर असेच सांगावे.