सील नवे, तरी तेल गळते?

बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात ट्रॅक्टरवाले भेटले की तक्रार करतात, "साहेब, गिअरबॉक्सचं सील नवं बसवलं, तरी तेल गळतंच!"

लगेच दुसरे सील आणू नका. तेल ठिबकते खाली, पण निघते वरून. गिअरबॉक्स डिझेलने धुऊन पुसून कोरडा करा, वर खडूची भुकटी भुरभुरा. ट्रॅक्टर पंधरा मिनिटे चालवून बंद करा आणि पाहा. सर्वांत वरचा ओला डाग, तीच गळतीची जागा. तेल काळे असेल तर ते बहुधा इंजिनचे. गिअरचे तेल दाट असते, त्याला उग्र वास येतो.

आता ब्रीदर पाहा. मातीने तो बुजला की आत दाब वाढतो आणि चांगले सीलही तेल सोडते. साफ करायला पैसा लागत नाही, तरी याच्याकडे कोणी बघत नाही! तेल प्रमाणाबाहेर भरले तरीही गळते. पातळी सपाट जागेवरच मोजा.

एवढ्यानेही थांबले नाही तर सील काढून शाफ्टवर नख फिरवा. खाच लागली तर नुसते सील बदलून भागणार नाही, शाफ्टचेही काम करावे लागेल. सीलची स्प्रिंगची बाजू तेलाकडेच हवी.

तोवर कांद्याची ट्रॉली जोडून आळेफाट्याला निघू नका. तेल कमी पडले तर गिअर आणि बेअरिंग दोन्ही जातील.