मान्सूनची सरासरी आणि कोरडवाहू शेतकरी

(अभ्यासवर्गातील भाषण)



मान्सूनचे सामर्थ्य निसर्गाने कायमचे ठरवून दिले आहे, असा समज रूढ आहे. पुरावा मात्र त्याच्या विरुद्ध जातो. ओमानच्या गुहांतील चुनखडीचे स्तंभ आणि अरबी समुद्राच्या तळाचा गाळ यांच्या अभ्यासावरून दिसते की, सुमारे ९ हजार वर्षांपूर्वी नैर्ऋत्य मान्सून आजच्यापेक्षा बराच प्रबळ होता. पृथ्वीच्या भ्रमणातील संथ बदलांमुळे उत्तर गोलार्धाला तेव्हा उन्हाळ्यात अधिक ऊन मिळे. जमीन अधिक तापे आणि समुद्रावरील बाष्प अधिक जोराने आत खेचले जाई. हजारो वर्षांत ते ऊन ओसरत गेले, तसा मान्सूनही मंदावला.

आजचा बदल मानवनिर्मित आहे आणि त्याला हजारो वर्षे लागणार नाहीत. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे या शतकाअखेर मान्सूनचा एकूण पाऊस वाढेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. मग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्य भारतातील पाऊस घटला, तो का? एक तर धुरातील सूक्ष्म कणांनी ऊन अडवले. दुसरे, हिंदी महासागर झपाट्याने तापल्याने जमीन व समुद्र यांच्या तापमानातील तफावत कमी झाली. परंतु त्याच मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या.

तेव्हा खरा प्रश्न सरासरीचा नसून पाऊस केव्हा, कोठे आणि किती वेगाने पडतो, हा आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. माण तालुक्यात एरवी वर्षभरातही इतका पडत नाही. महिनाभर ओढ देऊन एका रात्रीत कोसळलेला पाऊस तक्त्यात तूट भरून काढतो. करपलेले पीक आणि वाहून गेलेली माती परत आणत नाही. ज्याच्याकडे विहीर किंवा कालव्याचे पाणी आहे तो तग धरतो. कोरडवाहू शेतकरी आणि शेतमजूर धरत नाहीत.

१९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवातूनच महाराष्ट्रात रोजगार हमीची कल्पना रुजली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. एकाच खरिपात अवर्षण व अतिवृष्टी सोसणाऱ्या माणसाला तशाच हक्काच्या संरक्षणाची गरज आहे: मदतीचा निकष पावसाची बेरीज नव्हे, तर पिकाचे झालेले नुकसान असावा; आणि मृद्-जलसंधारणाची कामे कोरडवाहू शिवारांत प्रथम व्हावीत. या मागण्या गावोगावच्या ग्रामसभांतून पुढे आल्या पाहिजेत.