पेंग्विनचे घर



पेंग्विन म्हटला की बर्फ डोळ्यांपुढे उभा राहतो. मुंबईच्या राणीच्या बागेतील, म्हणजेच वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानातील पेंग्विन मात्र बर्फातला नव्हे. हंबोल्ट जातीचा हा पक्षी पेरू व चिली या देशांच्या किनाऱ्यावर राहतो. तेथील जमीन वाळवंटी. पण लगतचा सागरप्रवाह थंड आणि माशांनी समृद्ध.

या किनाऱ्यावर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे शतकानुशतकांचे थर साचले होते. त्यांत बीळ करून पेंग्विन अंडी घालीत. ही विष्ठा, म्हणजे ‘ग्वानो’, उत्तम खत. एकोणिसाव्या शतकात ते जहाजे भरभरून युरोपला गेले. जामसांवली-सौंसर भागातील संत्रा बागायतदारास खताचे मोल सांगावयास नको; परंतु त्या खताबरोबर पक्ष्याचे घरच खणून नेले गेले. पुढे १९८२-८३ च्या ‘एल निनो’त समुद्र तापला, मासळी दुरावली आणि पेंग्विनांची संख्या फार घटली.

मुंबईत जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील सेऊलहून आठ पेंग्विन आणले गेले. त्यांतील एक मादी ऑक्टोबरातच जंतुसंसर्गाने दगावली. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पहिले पिल्लू जन्मले. आठवडाभरातच तेही गेले. १ मे २०२१ रोजी डोनाल्ड व डेझी या जोडीला झालेले ‘ओरिओ’ मात्र जगले. सुमारे चाळीस दिवस नर व मादी आळीपाळीने अंडी उबवितात आणि पिल्लाला आपल्या पोटातील मासळी भरवितात. बंदिवासात हे सारे रोज जवळून पाहता येते, टिपून ठेवता येते. रानातील निरीक्षकास दूरच थांबावे लागते. कारण माणूस फार जवळ गेला तर हा भित्रा पक्षी अंडी सोडून निघून जातो.

पिंजऱ्यातील पैदाशीने ज्ञान वाढते, हे खरे. परंतु रोपवाटिकेत कलमे तरारली म्हणून उजाड शेतात बाग उभी राहत नाही. त्यासाठी शेतात माती आणि पाणी असावे लागते. पेरूने २००९ मध्ये आपली ग्वानोची बेटे व भूशिरे राखीव केली, त्यामागे हीच जाण आहे. मुंबईच्या पिल्लाचे कौतुक अवश्य व्हावे. पण त्याच्या जातीचे भवितव्य त्या दूरच्या किनाऱ्यावरील बिळात आहे, याचा विसर पडू नये.