माघारी फिरणारा संधिवात

'चिमा काय कामाची' हे वाक्य बालपणी आपण उलटसुलट वाचून मौज लुटली आहे. अशा रचनेला पाश्चात्त्य भाषांत 'पॅलिन्ड्रोम' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'पुन्हा माघारी धावणारा'. हेच नाव एका विरळा संधिवातालाही मिळाले आहे. तेथे मात्र मौज मुळीच नाही.

१९४४ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. फिलिप हेंच व डॉ. एडवर्ड रोझेनबर्ग यांनी ३४ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध करून या विकाराचे वर्णन केले. कॉर्टिझोनविषयक संशोधनासाठी १९५० चे नोबेल पारितोषिक तिघांना विभागून मिळाले, त्यांपैकी हेंच हे एक.

या विकाराची चाल विलक्षण आहे. सायंकाळी हात धडधाकट असतो. मध्यरात्रीपर्यंत बोटाचा एखादा सांधा, मनगट वा गुडघा सुजतो, लाल होतो, ठणकू लागतो. कणीक तिंबणे दूरच, दाराची कडीही काढवत नाही. काही तासांत, फार तर काही दिवसांत, सूज आली तशी ओसरते आणि सांधा पूर्ववत होतो. पुढे कधी तरी दुसऱ्याच सांध्याची पाळी येते.

रुग्णाची खरी कुचंबणा येथेच होते. डॉक्टरांची भेट मिळेपर्यंत दाखवण्यासारखे काही उरलेले नसते; क्ष-किरणांच्या चित्रातही दोष दिसत नाही. मग घरची माणसे म्हणतात, "काल तर रडत होतीस, आज काय झाले?" हळूहळू ती बाई स्वतःच्याच वेदनेविषयी साशंक होते आणि सांगणेच सोडून देते.

हे मौन महागात पडू शकते. अशा रुग्णांपैकी काहींना पुढे कायमचा आमवात जडतो. रक्तात विशिष्ट प्रतिपिंडे आढळली, तर तो धोका अधिक असतो. म्हणून रक्ततपासणी अगत्याची आहे. वारंवार झटके येणाऱ्यांना डॉक्टर कधी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मुळात हिवतापावर वापरले जाणारे औषध देतात.

तेव्हा सूज येताच तिचे छायाचित्र घ्यावे. तारीख, सांधा व झटक्याचा कालावधी वहीत टिपावा. शक्य तर त्याच दिवशी डॉक्टरांना हात दाखवावा. सांध्याबरोबर तापही असेल, तर मुळीच थांबू नये. तो जंतुसंसर्ग असू शकतो.

आणि घरच्यांनी एवढेच करावे: आज हात बरा दिसतो म्हणून कालचे दुखणे खोटे मानू नये.